मुलांच्या बेसबॉलचं अंपायरिंग: अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी शनिवार-रविवारची जोडकमाई

मुलांना बेसबॉलला घातलं की एप्रिल ते जूनचे शनिवार मैदानावरच जातात. घडीची खुर्ची, थर्मासमधला चहा, डब्यात पोहे आणि समोर दोन तासांची मॅच. त्याच मैदानावर कॅचरच्या (बेसबॉलच्या विकेटकीपरच्या) मागे वाकून उभा असलेला माणूस मात्र तेवढ्याच वेळाचे पैसे घेऊन घरी जातो. तो माणूस आपणही होऊ शकतो, हे आपल्या मंडळींच्या डोक्यात येत नाही. क्रिकेटवर पोसलेल्यांना वाटतं, हा काही आपला खेळ नाही. आणि इकडे लीगवाले अंपायर शोधून थकलेत. हाय स्कूल खेळांची राष्ट्रीय संघटना एनएफएचएस सांगते की २०१८-१९ नंतरच्या तीन-चार वर्षांत सगळे खेळ मिळून सुमारे ५० हजार पंचांनी काम सोडलं. लहान मुलांच्या लीगची रडही तीच.

मी न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीतला, त्यामुळे उदाहरणं इकडची येतील. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात हंगाम लवकर सुरू होतो आणि लांब चालतो, बाकी गाडं सारखंच.

सगळ्यात आधी व्हिसा

नियमांचं पुस्तक नंतर उघडा, आधी आपले कागद बघा. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले मोकळे आहेत. एच-वन-बीवर असाल तर ज्या कंपनीनं व्हिसा काढला तिच्याखेरीज कुणाकडूनही कामाचे पैसे घेता येत नाहीत, मग ते शनिवारचे चाळीस डॉलर का असेनात. रोख घेतले म्हणून ते काम अधिकृत होत नाही. एच-फोरवरच्या नवऱ्याला किंवा बायकोला ईएडी कार्ड, म्हणजे कामाचा परवाना, हवं. ही सोय २०१५ पासून आहे, पण जोडीदाराचं ग्रीन कार्डचं काम ठराविक टप्प्यापर्यंत पोचलेलं असावं लागतं. ते कार्ड हातात असेल तर स्वतंत्रपणे काम करून पैसे घ्यायला हरकत नाही. एल-टूवरच्या जोडीदाराच्या आय-९४ वर एल-टू-एस असं लिहिलेलं असेल तर वेगळं कार्डही लागत नाही. एफ-वनवरच्या विद्यार्थ्यांनी या वाटेला जाऊ नये.

यात एक गोष्ट घरोघरी निसटते. एच-फोरवर असलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनाही पैसे घेता येत नाहीत. वर्गातला मित्र मॅचमागे तीस डॉलर घेतो, आपला मुलगा त्याच्यापेक्षा खेळ चांगला जाणतो, आणि तरी त्याला नाही म्हणावं लागतं. धाकटी इथं जन्मलेली असेल तर ती घेऊ शकते, थोरला नाही. घरात हे समजावताना जीव मेटाकुटीला येतो, पण दुसरा इलाज नाही.

मग फुकट केलं तर? लिटल लीग या मुलांच्या बेसबॉलच्या संघटनेत स्वयंसेवक अंपायरची परंपरा जुनी आहे. तिच्या साउथ विल्यम्सपोर्टच्या वर्ल्ड सिरीजचे अंपायरही स्वयंसेवकच असतात. तुमच्या लीगमध्ये कुणालाच पैसे मिळत नसतील तर प्रश्न सोपा आहे. पण इतरांना पैसे देऊन करून घेतलं जाणारं काम तुम्ही फुकट केलंत, तर कायद्याच्या नजरेत ती स्वयंसेवा ठरेलच असं नाही. अशा वेळी वकिलाला एक ईमेल टाका. त्याची फी चुकीपेक्षा स्वस्त पडते.

पैसे खरे किती सुटतात

दर गावागणिक वेगळे असतात. साधारण अंदाज असा: आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या मॅचला २५ ते ५० डॉलर, अकरा-बारा वर्षांच्या मुलांना प्लेटमागे (बॅटर खेळतो त्या होम प्लेटपाशी, कॅचरच्या मागे) उभं राहिलात तर ५० ते ७०, आणि त्यापुढच्या वयाच्या ट्रॅव्हल बॉलला (गावोगावी जाऊन खेळणाऱ्या निवडक संघांच्या मॅचना) त्याहून थोडे जास्त. प्लेटमागच्या अंपायरला बेसवरच्यापेक्षा बहुतेक ठिकाणी जास्त मिळतात, आणि ते रास्तच आहे. एकट्यानं दोन्ही कामं करायची असतील तर काही लीग दीडपट देतात. हे आधी विचारून घ्या, मॅच झाल्यावर नाही.

आता तासाचा हिशेब मांडा. समजा मॅचचे ५५ डॉलर आहेत. लिटल लीगची बारा वर्षांखालची मॅच सहा इनिंग्जची, म्हणजे पावणेदोन-दोन तास. त्याआधी अर्धा तास पोचायचं. जाऊन-येऊन ड्राइव्ह पन्नास मिनिटं धरा. एकूण सव्वातीन तास झाले, म्हणजे तासाला १७ डॉलरच्या आतबाहेर, पेट्रोल वेगळं. तीच मॅच घरापासून सात मिनिटांवर असेल आणि लागोपाठ दुसरीही त्याच मैदानावर असेल, तर आकडा चोवीसच्या आसपास जातो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: पहिली दोन वर्षं दराच्या मागे न लागता अंतराच्या मागे लागा. पंचाहत्तर डॉलरच्या एका मॅचसाठी टर्नपाइकवर तासभर घासण्यापेक्षा गावातल्या दोन मॅच बऱ्या.

आणि पावसाचं धरून चला. इकडचा एप्रिल भरवशाचा नाही. रद्द झालेल्या मॅचचे पैसे सहसा मिळत नाहीत. मैदानावर पोचल्यावर रद्द झाली तर काही लीग थोडे देतात, काही हात झटकतात. हेही आधीच विचारा.

शिरकाव कसा करायचा

दारं तीन आहेत. पहिलं आणि सोपं म्हणजे गावची लीग. लिटल लीग १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला सुरू झाली आणि आता जवळपास प्रत्येक मोठ्या गावात तिची शाखा असते. कॅल रिपकन आणि बेब रूथ या नावांच्या लीगच्या दुसऱ्या घराण्याचं मुख्यालय तर आपल्या न्यू जर्सीतच, हॅमिल्टनला. जानेवारी-फेब्रुवारीत लीगच्या अंपायर-इन-चीफला ईमेल करा. चार ओळी पुरे: नाव, वय, कोणते दिवस मोकळे, क्लिनिक (अंपायरांचा प्रशिक्षण वर्ग) कधी आहे. क्रिकेटचं अंपायरिंग केलं असेल तर तेही लिहा. तिथल्या लोकांना क्रिकेट कळत नसलं तरी एखादा माणूस मैदानावर निर्णय देऊन उभा राहिलेला आहे, एवढं त्यांना कळतं.

दुसरं दार ट्रॅव्हल बॉलचं. तिथं असायनर नावाचा माणूस मॅच वाटतो, बहुतेकदा आर्बिटर किंवा असायनर याच नावाच्या सॉफ्टवेअरवरून. तुम्ही मोकळे दिवस भरायचे, तो मॅच पाठवणार, तुम्ही स्वीकारायच्या. या माणसाच्या लेखी तुमच्या ज्ञानाइतकीच किंमत आहे ती घेतलेली मॅच न सोडण्याला. शुक्रवारी रात्री ‘पाहुणे आले’ म्हणून मेसेज केलात की पुढचे तीन आठवडे यादी कोरी. तिसरं दार हाय स्कूलचं, त्याकडे शेवटी येतो.

कुठल्याही दारातून गेलात तरी पार्श्वभूमी तपासणी होते, कारण काम मुलांमध्ये आहे. मुलांच्या सुरक्षिततेचं एक छोटं ऑनलाइन प्रशिक्षण आणि डोक्याला मार लागण्याविषयीचं दुसरं, ही दोन्ही बहुतेक ठिकाणी मागतात. दुसऱ्यासाठी सीडीसीचा हेड्स अप हा कोर्स फुकट आहे. मागितला नसला तरी तो कराच. डोक्याला चेंडू लागलेला मुलगा ‘आय ॲम फाइन’ म्हणतोच. त्याला बाहेर काढायचं, आणि त्यावर वाद घालत बसायचं नाही.

सामान

पहिल्याच दिवशी चारशे डॉलर ओतू नका. पुष्कळ लीगकडे मास्क, छातीचं कवच आणि पायाचे गार्ड वापरायला असतात. स्वतःचं घ्यायची वेळ आली तर साधा पूर्ण संच दोनशे ते साडेतीनशे डॉलरला बसतो. पुरुषांनी कप (जांघेचं कवच) घातल्याशिवाय प्लेटमागे उभं राहायचं नाही, यात सूट नाही. मास्क घालून बघून घ्या. तो घट्ट बसायला हवा, पण एका हातानं टोपी न पाडता काढताही आला पाहिजे. बूट पोलादी टोकाचे चांगले. फाऊल लागून, म्हणजे बॅटला लागून खेळाच्या रेषांबाहेर, चेंडू अंगठ्यावर येतो तेव्हा त्यांची किंमत वसूल होते. पण पहिल्या हंगामात साध्या काळ्या जाड बुटांवर भागतं.

बारीक वस्तू मात्र स्वतःच्याच हव्यात: चेंडूंची कमरेची पिशवी, प्लेट झाडायचा छोटा ब्रश आणि इंडिकेटर. इंडिकेटर म्हणजे बॉल (स्ट्राइक झोन या ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेलेला चेंडू), स्ट्राइक (पट्ट्यातून गेलेला किंवा बॅट फिरवून हुकलेला), आउट मोजायचं हाताच्या मुठीतलं चक्र. तो डाव्या हातात धरायचा, कारण उजवा हात खुणा करायला मोकळा लागतो. करड्या रंगाची पँट, काळा किंवा फिकट निळा शर्ट, काळा पट्टा, काळी टोपी. शर्ट इस्त्रीचा. यावर हसू नका. पहिल्या इनिंगला कोचनं तुमच्यावर किती विश्वास ठेवायचा हे तुमचे कपडे बघून ठरतं.

नियम कुठून वाचायला घ्यायचे

मेजर लीगचे नियम पाठ करून गावच्या मैदानावर गेलात तर फसाल. लहान मुलांचा खेळ वेगळ्या नियमांवर चालतो, आणि घोळ नेमका तिथंच होतो. लिटल लीगमध्ये बारा वर्षांखालच्या मैदानावर बेसमधलं अंतर ६० फूट आणि पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, प्लेटपासून ४६ फुटांवर. मोठ्यांचं ९० फूट आणि ६० फूट ६ इंच. लहानांच्या गटात चेंडू बॅटरपर्यंत पोचेपर्यंत रनरनं, म्हणजे बेसवर पोचलेल्या खेळाडूनं, बेस सोडायचा नाही. पुढच्या बॅटरनं डगआउटबाहेर बॅट फिरवत उभं राहायचं नाही. पिचरच्या चेंडूंना वयानुसार दिवसाची मर्यादा आहे: ९-१० वर्षांना ७५, ११-१२ ना ८५. मोजणी स्कोअररकडे असते, पण वाद तुमच्याकडे येतो. बॅटवर यूएसए बेसबॉलची खूण लागते, हा नियम जानेवारी २०१८ पासूनचा. ट्रॅव्हल बॉलमध्ये वेगळ्या खुणेच्या, जास्त उसळी देणाऱ्या बॅट चालतात, त्यामुळे एकच मुलगा दोन्हीकडे खेळत असेल तर चुकीची बॅट घेऊन येतोच येतो.

क्रिकेटवाल्यांनी काही सवयी घराबाहेर ठेवून यायच्या. इथं बहुतेक बाद कुणी अपील न करता द्यायचे असतात. ‘हाऊज दॅट’ची वाट बघत उभे राहिलात तर सगळे तुमच्याकडेच बघत राहतील. बाद म्हणजे बोट नव्हे, मूठ. क्रीजच्या रेषेवर बॅट असेल तर क्रिकेटमध्ये फलंदाज बाद. इथं मैदानाच्या कडेची रेषा ‘फेअर’ धरली जाते, रेषेला चेंडू शिवला तर तो आतलाच. आणि चेंडू बॅटरच्या हाताला लागला तर ‘हात बॅटचाच भाग’ असं कोच ठासून सांगतील. तसा नियम नाही. बॅट फिरवली असेल तर स्ट्राइक आणि चेंडू मृत. नसेल आणि तो चुकवायचा प्रयत्न केला असेल तर पहिला बेस. ‘टाय झाली (चेंडू आणि रनर बेसवर एकदमच पोचले) तर रनरचा फायदा’ हेही असंच ऐकीव.

चार गोष्टी पहिल्या मॅचआधी तोंडपाठ हव्यात: इनफील्ड फ्लाय, निसटलेला तिसरा स्ट्राइक, फाऊल आणि फाऊल टिपमधला फरक, अडथळा (रनरची किंवा फील्डरची वाट अडवणं). इनफील्ड फ्लाय, म्हणजे झेल सुटला तरी बॅटर बाद, फक्त दोनपेक्षा कमी आउट असताना, आणि पहिल्या व दुसऱ्या बेसवर किंवा तिन्ही बेसवर रनर असताना. उंच चेंडू इनफील्डर सहज झेलू शकेल असा हवा; बंट (बॅट न फिरवता हलकेच टेकवलेला चेंडू) किंवा सपाट मार चालत नाही. ही घोषणा चेंडू हवेत असतानाच, मोठ्यानं. निसटलेला तिसरा स्ट्राइक (कॅचरनं न झेललेला, ज्यावर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो) पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट असतील तरच लागू, आणि लिटल लीगच्या मायनर्स या लहान मुलांच्या गटात तो मुळीच नाही. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी हंगामातले निम्मे आरडाओरडे वाचतात. फाऊल टिप म्हणजे बॅटला निसटता लागून सरळ कॅचरच्या हातात जाऊन झेललेला चेंडू. तो स्ट्राइक असतो आणि खेळ चालूच राहतो. फाऊलवर मात्र खेळ थांबतो.

प्लेटमागे

सगळं कसब इथं आहे, आणि ते डोळ्यांपेक्षा पायांचं जास्त आहे.

कॅचरच्या थेट मागे उभं राहायचं नाही. बॅटर आणि कॅचर यांच्यामधल्या फटीत उभं राहायचं, त्या जागेला स्लॉट म्हणतात. उजव्या हाताचा बॅटर असेल तर तुम्ही प्लेटच्या डाव्या कडेला. पाय खांद्यांपेक्षा रुंद, आतला पाय किंचित पुढे, हनुवटी कॅचरच्या शिरस्त्राणाच्या वरच्या कडेइतकी उंच. नवखा माणूस नेहमी जास्त वाकतो. वाकलात की बाहेरचा खालचा कोपरा दिसतच नाही, आणि मांड्या चौथ्या इनिंगला जाब विचारतात. पिचर फेकायला लागला की बसायचं आणि मग स्थिर. चेंडू डोळ्यांनी ग्लव्हपर्यंत सोडायचा, डोकं हलवायचं नाही. डोकं हललं की सगळे चेंडू खालचे वाटू लागतात.

चेंडू ग्लव्हमध्ये गेला. आता थांबा. चेंडू कुठून गेला ते मनात एकदा पुन्हा बघा आणि मग बोला. हा अर्ध्या सेकंदाचा थांबा म्हणजेच अनुभव असं सगळ्यांना वाटतं, आणि तो पहिल्या दिवसापासून घेता येतो. बॉल असेल तर वाकलेलेच राहून ‘बॉल’ म्हणायचं. स्ट्राइक असेल तर उभं राहून, खणखणीत आवाजात, उजव्या हाताच्या खुणेसकट. आपल्या उच्चारांची भीती बाळगू नका. पुटपुटण्याचा त्रास उच्चारापेक्षा जास्त होतो. काऊंट सांगताना आधी बॉल, मग स्ट्राइक: डाव्या हाताच्या बोटांनी बॉल, उजव्यानं स्ट्राइक. ‘टू-वन’ म्हणजे दोन बॉल, एक स्ट्राइक.

स्ट्राइक झोन किती? प्लेट १७ इंच रुंद. पण चेंडूचा कुठलाही भाग प्लेटच्या कुठल्याही भागावरून गेला तरी पुरे, आणि चेंडूचा व्यास जवळपास २.९ इंच. म्हणजे नियमाप्रमाणेच पट्टा तेवीस इंचांच्या घरात जातो. नवखे तो सतरा इंचांचा समजून बसतात आणि चार बॉल पडून मुलं नुसती चालत पहिल्या बेसवर जात राहतात. उंची लिटल लीगमध्ये काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत. नऊ वर्षांच्या मुलांना मी दोन्ही बाजूंना आणखी एका चेंडूच्या रुंदीइतकी ढील देतो. पुस्तकात हे नाही, पण मुलांना बॅट फिरवायची सवय लागते आणि मॅच अंधाराआधी संपते. अट एकच: पहिल्या इनिंगला दोन्ही संघांना दिलेली ढील सहाव्या इनिंगलाही तेवढीच.

प्लेट झाडताना पाठ पिचरकडे करून वाकायची, तोंड प्रेक्षकांकडे. आणि फाऊल चेंडू लागून कॅचर कळवळला तर उगीच प्लेट झाडायला लागायचं, सावकाश. त्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो आणि मुलाला सगळ्यांदेखत ‘लागलं का’ विचारावं लागत नाही. तुम्हाला लागलं की चांगला कॅचर उठून पिचरकडे जातो, तुमच्यासाठी तेवढाच वेळ काढतो. बारा वर्षांची पोरंही हे शिकलेली असतात.

मॅचआधी पाच मिनिटं दोन्ही कोचना प्लेटपाशी बोलवा. लाइनअप घ्या, कुंपणातल्या भोकाचं किंवा मैदानावर आलेल्या झाडाच्या फांदीचं काय ते ठरवा, वेळेची मर्यादा बोला, आणि मुलांकडे नियमात बसणारं सामान आहे ना हे दोघांना स्पष्ट विचारा. मग ‘प्ले’.

बेसवर

हे तुलनेनं सोपं. मोठ्या मैदानावर रनर आल्यावर आत जायचं असतं. ६० फुटी मैदानावर लीग बहुधा बाहेरच, इनफील्डरच्या मागे उभं करते. जवळ पळत जाण्यापेक्षा कोन मिळवा. थ्रो येतो त्या दिशेला काटकोनात, बेसपासून पंधरा-अठरा फुटांवर. पहिल्या बेसवर डोळे पायावर आणि बेसवर ठेवायचे, चेंडू कानांनी ऐकायचा: ग्लव्हचा आवाज आधी आला की पाय? पळता पळता निर्णय देऊ नका. थांबा, बघा, मग मूठ (आउट) किंवा सपाट हात (सेफ). फेअर चेंडूला तोंडानं काहीही बोलायचं नाही, फक्त हात दाखवायचा. ओरडायचं ते फाऊलला. चुकून फाऊल ओरडलात की परत घेता येत नाही.

कोच आणि आईबाप

पैशांबरोबर हे येतं. न्यू जर्सीतल्या डेप्टफर्डच्या लिटल लीगनं २०२३ मध्ये वैतागून नियम केला: अंपायरला शिव्या देणाऱ्या प्रेक्षकाला मैदानावर परत यायचं असेल तर आधी तीन मॅच स्वतः अंपायरिंग करावं लागेल. बातमी देशभर गाजली, कारण प्रत्येक गावाला ते आपलंच वाटलं.

कामाची पद्धत अशी. प्रेक्षकांशी बोलायचं नाही, मान वळवून बघायचंही नाही. तिकडून फारच होतंय असं वाटलं तर ‘टाइम’ म्हणून खेळ थांबवा, त्या बाजूच्या कोचला बोलवा आणि शांतपणे सांगा की त्या गृहस्थांना तुम्ही आवरा. नाही आवरलं तर लीगच्या त्या दिवशीच्या अधिकाऱ्याला बोलवा. कोचच्या बाबतीत चढती पायरी ठेवा: एक टोमणा ऐकून न ऐकल्यासारखा करा, दुसऱ्याला ‘आय हर्ड यू, कोच’, तिसऱ्याला ‘दॅट्स इनफ’ आणि ही ताकीद आहे हे सांगा. त्यानंतर बाहेर. शिवी किंवा धक्का असेल तर पायऱ्या मोजायच्या नाहीत.

कोच चांगल्या शब्दांत येऊन विचारत असेल तर मात्र ऐका. ‘रनर सेफ होता’ हा तुमचा निर्णय, त्यावर चर्चा नाही. ‘मायनर्समध्ये तिसऱ्या स्ट्राइकवर पळता येत नाही’ हा नियमाचा प्रश्न. त्यात तो बरोबर असेल तर दुरुस्त करा. नियम चुकला तर तक्रार होऊ शकते, नजर चुकली तर नाही. हा फरक कोचलाही माहीत असतो, म्हणून नजरेचा प्रश्न तो नियमाचा करून आणतो. ओळखायला शिकाल.

आपल्या मुलाच्या संघाची मॅच घेऊ नका. लीगनं गळ घातली तरी. त्यातून घरात आणि मैदानावर एकाच वेळी भांडणं होतात.

हवामानावर शेवटचा शब्द तुमचा असतो. मेघगर्जना ऐकू आली की सगळे गाडीत, आणि शेवटच्या गर्जनेनंतर तीस मिनिटं कुणीही मैदानावर नाही. स्कोअर कितीही अटीतटीचा असो.

मुलांनी करायचं असेल तर

पैसे घ्यायला मोकळी असलेली तेरा-चौदा वर्षांची मुलं आठ-नऊ वर्षांच्या गटात छान काम करतात. खेळून झालेलं असतं, त्यामुळे कुठं बघायचं हे त्यांना कळतं. बोलायची भीती मात्र असते. घरी अंगणात ‘स्ट्राइक’ ओरडायला लावा, शेजारी बघेनात का. अल्पवयीनांच्या कामाचे नियम राज्यागणिक वेगळे असल्यानं कागद काय लागतील ते लीगकडून लिहून घ्या. आणि मैदानावर एक प्रौढ माणूस फक्त या मुलासाठी हजर असेल का, हे विचारा. नसेल तर तुम्ही बसा. बेसबॉल कळत नसला तरी चालेल, कोच अंगावर आला तर उठून उभं राहता आलं म्हणजे झालं.

कर

लीग तुम्हाला नोकरीवर ठेवत नाही. तुम्ही स्वतंत्र कंत्राटदार असता. पैसे चेकनं येवोत, झेल (Zelle) या ॲपनं येवोत वा पाकिटातून, ते उत्पन्नच आहे. एका ठिकाणाहून वर्षाला ६०० डॉलर किंवा जास्त मिळाले की १०९९-एनईसी हा उत्पन्नाचा फॉर्म यायचा. २०२६ पासूनच्या पैशांना ही मर्यादा २,००० केली आहे. फॉर्म आला नाही म्हणजे दाखवायचं नाही, असा अर्थ काढू नका. खर्च वजा जाता ४०० डॉलर किंवा जास्त उरले तर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लागतो, आणि तो चौदा वर्षांच्या मुलालाही लागतो. आईबाप इथंच दचकतात.

म्हणून पहिल्या दिवसापासून एका वहीत किंवा शीटमध्ये तारीख, मैदान, रक्कम आणि मैल लिहा. कवच, बूट, शर्ट, नोंदणी फी यांच्या पावत्या ठेवा. करपत्रातल्या शेड्यूल सी या स्वतंत्र व्यवसायाच्या फॉर्मवर त्या वजा होतात. मैलामागे वजावटीचा दर २०२५ साठी ७० सेंट होता. घरापासून मैदानापर्यंतचे सगळे मैल चालतातच असं नसतं, ते तुमच्या सीपीएला विचारा. पगारातून कर कापला जात असेल तर कंपनीत डब्ल्यू-फोर भरून थोडा जास्त कापायला सांगितला की तिमाही भरण्याची कटकट वाचते.

विम्याचंही बघा. लीगचा विमा अंपायरला लागू आहे का ते ईमेलवर विचारा. ट्रॅव्हल बॉल करायचा असेल तर नॅशनल असोसिएशन ऑफ स्पोर्ट्स ऑफिशियल्स या संघटनेचं सदस्यत्व घ्या. त्यात दायित्वाचा विमा येतो.

पुढची पायरी

दोनेक हंगाम झाले आणि पाय दुखेनासे झाले की हाय स्कूलकडे बघा. न्यू जर्सीत स्थानिक संघटनेतून जावं लागतं. वर्ग, परीक्षा, मग खालच्या संघांच्या मॅच. नियम एनएफएचएसचे, म्हणजे पुन्हा वेगळं पुस्तक. पैसे जास्त आहेत, पण मॅच आठवड्यात दुपारी चार वाजता असतात. ऑफिसला जाणाऱ्याला ते जमत नाही. निवृत्त झालेल्यांना आणि सकाळच्या पाळीवाल्यांना जमतं. नाही जमलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरचा फॉल बॉल आहेच. तिथं स्कोअरचं कुणाला फारसं पडलेलं नसतं, कोचही सैलावलेले असतात, आणि प्लेटमागे उभं राहायची सवय लावून घ्यायला त्याहून चांगली जागा नाही. तुम्ही हे ऑगस्टमध्ये वाचत असाल तर एप्रिलपर्यंत थांबू नका, लीगला आजच ईमेल करा.